दोन प्रेते आणि रक्ताचा प्रश्न

रहस्यकथेला आपल्या समीक्षकांनी कधी पंक्तीला घेतले नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पण वाङ्मयेतिहासात त्यांच्या वाट्याला ओळ-दोन ओळीच आल्या. माझे वडील गिरणीत होते. पाळी सुटल्यावर ते झुंझारची पुस्तके भाड्याने आणून वाचत. त्यामुळे रहस्यकथेकडे नाक मुरडून पाहण्याचा अभिजन संस्कार माझ्यावर झाला नाही. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’ ही 1972 सालची कादंबरी मी हाती घेतली ती याच ओढीने. ती वाचून मात्र मी अस्वस्थ झालो. त्या अस्वस्थतेची ही मांडणी आहे.

इंग्लंडमधल्या एका समुद्रकड्यावर निवृत्त जनरल रेव्हन्सक्रॉफ्ट आणि त्यांची पत्नी मॉली यांची प्रेते सापडतात. दोघांना गोळ्या लागलेल्या, पिस्तूल जवळच पडलेले. भांडण नाही, कर्ज नाही, शत्रू नाही. दोघांनी मिळून आत्महत्या केली, एवढे म्हणून प्रकरण मिटते. पुढे कित्येक वर्षांनी त्यांची मुलगी सीलिया लग्नाच्या उंबरठ्यावर येते आणि मुलाची आई, श्रीमती बर्टन-कॉक्स, एक प्रश्न विचारते : आईने बापाला मारले, की बापाने आईला?

या प्रश्नात सत्याची तळमळ नाही. कोणाचे रक्त नासके होते एवढेच त्या बाईला हवे आहे. हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. मुलगी कशी आहे हे बाजूला ठेवून घराणे कसे आहे, बेटी कुठे दिली, कुठून आणली, याची चौकशी या देशात घरोघर होते. पुढे उघड होते, की मुलगा डेस्मंड हा बाईंचा दत्तक पुत्र आहे. त्याच्या जन्मदात्या आईने त्याच्यासाठी पैसा ठेवला आहे आणि तो बाईंना हातचा जाऊ द्यायचा नाही. रक्ताच्या गोष्टीखाली पैशाची गोष्ट दडलेली असते. ख्रिस्तीला क्रांती करायची नव्हती. पण कथानकाच्या गरजेपोटी का होईना, तिने हे उघडे पाडले आहे.

हर्क्यूल पॉयरो आणि लेखिका एरियाडनी ऑलिव्हर सत्य शोधायला निघतात ते माणसांच्या आठवणींकडे. हत्ती विसरत नाही, तशी ही माणसे विसरत नाहीत. त्यांत कोण आहे? मुले सांभाळलेली म्हातारी दाई, घरकाम करणारी बाई, केसांचे टोप विकणारी बाई, मुलांची शिक्षिका झेली. घरच्या कुत्र्याला मालकीणबाई जीव की प्राण, पण अखेरच्या दिवसांत तो तिलाच चावला, हेही अशाच माणसांकडून कळते. पोलिसांच्या कागदात जे नाही ते राबणाऱ्यांच्या ध्यानात आहे. ज्यांच्या साक्षीला इतिहास किंमत देत नाही, त्यांच्यापाशीच इतिहास शिल्लक असतो. दलित आत्मकथनांनी हेच सिद्ध केले. फरक इतकाच, की येथे ही माणसे साहेबांचे रहस्य सांगतात. त्यांचे स्वतःचे दुःख त्यांना कोणी विचारीत नाही.

समीक्षकांनी या कादंबरीला दुबळी ठरविले. काळाचे हिशेब जुळत नाहीत, पुनरुक्ती फार, हे खरेच आहे. ती प्रसिद्ध झाली तेव्हा ख्रिस्ती 82 वर्षांची होती. 2009 साली टोरोंटो विद्यापीठातील अभ्यासकांनी तिच्या पुस्तकांची तुलना केली, तेव्हा या कादंबरीत शब्दसंपत्ती बरीच आटल्याचे दिसले. तो स्मृतिभ्रंशाचा परिणाम असावा, असा त्यांचा तर्क होता. स्मृती निसटत असताना एक वृद्ध लेखिका स्मृतीवरच लिहीत होती. मला यात दोषापेक्षा झुंज दिसते.

माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मांडण्यासाठी रहस्य फोडावे लागेल. मॉलीला डॉली नावाची हुबेहूब जुळी बहीण होती. ती मनोरुग्ण होती. वर्षानुवर्षे तिचे मनोरुग्णालयात जाणे-येणे चाले, लहान मुलांच्या मृत्यूंशी तिचे नाव जोडले गेले होते. तिने मॉलीला मारले. मरता मरता मॉलीने नवऱ्याकडून बहिणीला वाचवण्याचे वचन घेतले. जनरलने डॉलीला टोप चढवून पत्नी म्हणून वागवले. कुत्रा फसला नाही. काही आठवड्यांनी जनरलने डॉलीला गोळी घातली आणि मग स्वतःला.

एकाच गर्भातल्या, एकाच रक्ताच्या दोघी. एक खून करते, दुसरी मरताना खुन्याला क्षमा करते. रक्तच सर्व ठरवीत असेल, तर हा फरक कुठून आला? वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद डॉ. आंबेडकरांनी 1936 साली ‘जातिनिर्मूलना’त मोडून काढला होता. ख्रिस्तीच्या कथानकानेही नकळत तो मोडला आहे. पण तिला ते कळलेले दिसत नाही. शेवटी सीलियाला समाधान मिळते ते कशाचे? आईबाप एकमेकांवर प्रेम करीत होते याचे. आणि डॉलीचे काय? आजारी बाईला ठार मारणे हा त्यागाचा भाग ठरतो. तिच्यासाठी कोणी रडत नाही. प्रेमिकांचे लग्न निर्वेध व्हावे म्हणून वेडी बाई कथेतून पुसली जाते.

हे मी साहेबाच्या घराबद्दल बोलतो आहे असे कोणी समजू नये. माझी एक आत्या होती. तिला झटके येत, ती एकटीच बोलत बसे. माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, त्या दिवशी तिला शेजाऱ्यांच्या मागच्या खोलीत कोंडले होते. कडी मी लावली. आम्ही सभेत जातीच्या कलंकाविरुद्ध घोषणा देत होतो, आणि घरात हा दुसरा कलंक लपवीत होतो. बहिणीचे लग्न जमले. आत्या त्या खोलीत काय बोलली, हे मी तिला कधी विचारले नाही.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णांना समाजात राहण्याचा हक्क दिला. कायदा हक्क देतो. कडी आपल्यालाच काढावी लागते. दलित साहित्याने मुक्यांना वाचा दिली असे आपण अभिमानाने म्हणतो. मग आपल्या डॉलींची गोष्ट कोण लिहिणार? ती लिहिली जाईल तेव्हा रहस्यकथेत उरलेले तिसरे प्रेतही मोजले जाईल.