बानाबा : संगीन आणि करारनामा

पॅसिफिक महासागरात विषुववृत्तालगत बानाबा नावाचे जेमतेम सहा चौरस किलोमीटरचे बेट आहे. इंग्रजांनी त्याला ओशन आयलंड म्हटले. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात या बेटाला जागा मिळते ती एका हत्याकांडापुरती. २६ ऑगस्ट १९४२ रोजी जपानी फौजा तेथे उतरल्या. बहुतेक युरोपीय कर्मचाऱ्यांना त्याआधीच हलविले होते. बेटाचे मूळ मालक मात्र मागे राहिले. उपासमार सुरू झाली. बहुतेकांना नाउरू, तारावा, कोसराए अशा बेटांवर नेऊन टाकण्यात आले आणि सुमारे दीडशे तरुण मासेमारीसाठी, कष्टासाठी ठेवून घेतले. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करल्यानंतर त्यांचे हात बांधून, डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना कड्यावर ठार मारण्यात आले. काबुनारे नावाचा एकच माणूस मेल्याचे सोंग घेऊन वाचला.

हे क्रौर्य आहे आणि त्याला दुसरे नाव नाही. रबौलच्या लष्करी न्यायालयात त्याबद्दल खटलाही चालला. माझा आक्षेप हा आहे की बानाबाची कथा १९४२ मध्ये सुरू करणारा इतिहासकार वाचकाला फसवतो. ती सुरू होते १९०० मध्ये. त्या वर्षी अल्बर्ट एलिस या इसमाने वर्षाला ५० पौंड देऊन ९९९ वर्षांसाठी बेटावरचे फॉस्फेट लिहून घेतले. ज्याला बेटाच्या वतीने सही करण्याचा अधिकार नव्हता, अशा माणसाकडून ते लिहून घेतले! पुढे १९२० पासून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांनी मिळून हा धंदा चालविला. बेटाची माती बोटीत भरून गेली आणि परक्यांची कुरणे हिरवी झाली.

येथे साहित्याचा संबंध येतो. आर्थर ग्रिंबल हा त्या भागातला इंग्रज अधिकारी. त्याचे ‘अ पॅटर्न ऑफ आयलंड्स’ (१९५२) अतिशय लोकप्रिय झाले, त्यावर चित्रपटही निघाला. पुस्तक वाचनीय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. बेटवासी त्यात भाबडे, हसरे, प्रेमळ आहेत आणि तरुण साहेब त्यांच्याकडून शिकतो आहे. याच ग्रिंबलने १९२८ मध्ये रेसिडेंट कमिशनर असताना बुआकोनिकाई गावाला एक पत्र पाठविले. खाणीसाठी जमीन द्या. दिली नाही तरी ती जाईलच, आणि गावही जाईल, असा त्याचा आशय होता. त्यात जगण्याचे मुद्दे आणि मरणाचे मुद्दे अशा दोन याद्या होत्या. पुस्तकातला काळ त्याच्या उमेदवारीच्या वर्षांचा आहे, १९२८ चा नाही, असा बचाव कोणी करील. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरही आहे. पण जो माणूस ही यादी लिहू शकतो, त्याला चोवीस वर्षांनी बेटवासी इतके गोड आठवतात, याचा विचार समीक्षेने करायचा नाही तर कोणी? आपल्याकडच्या वाचकाला अशी प्रेमळ नजर अनोळखी नाही. ती माणसाला जवळ घेते, पण त्याला बोलू देत नाही.

कॅटेरिना तियाइवा या बानाबन वंशाच्या अभ्यासिकेचे ‘कन्झ्युमिंग ओशन आयलंड’ (२०१४) याच्या उलट टोकाला उभे आहे. त्यांनी अधिकाऱ्याचा नव्हे, मातीचा माग काढला. फॉस्फेट कोठून निघाले, कोठे गेले, कोणाच्या शेतात मुरले. आणि जमीन हेच ज्यांचे शरीर ते लोक कोठे फेकले गेले. पुस्तक एका धाग्याने जात नाही, तुकड्यातुकड्यांनी जाते. काहींना तो दोष वाटेल. मला ते प्रामाणिक वाटते, कारण ज्या समाजाची जमीनच पोत्यांतून देशोदेशी गेली त्याचा इतिहास सलग कसा असणार?

आता युद्धाकडे परत येऊ. जपानी गेल्यावर विखुरलेल्या बानाबनांना गोळा केले, पण घरी नेले नाही. १५ डिसेंबर १९४५ रोजी त्यांना फिजीतील राबी बेटावर, तंबूंमध्ये, ऐन वादळांच्या मोसमात उतरविले. तुमची घरे राहिली नाहीत, असे सांगितले. राबी हे बेट १९४२ मध्येच, त्यांच्याच निधीतल्या पैशांनी विकत घेऊन ठेवले होते! जपानी ताब्याने बेट रिकामे केले आणि त्या रिकामेपणाचा फायदा मुक्तिदात्यांनी घेतला. खाण १९७९ पर्यंत चालली. बानाबनांनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायमूर्ती मेगारी यांनी १९७६ मध्ये राजसत्तेच्या वर्तनावर ताशेरे ओढले, पण कायद्याने बांधलेले असे काही त्यांना दिसले नाही.

काबुनारेची साक्ष ही कोणाला साहित्य वाटणार नाही. तिच्यात उपमा नाहीत, निसर्गवर्णन नाही. आपल्या आत्मकथनांनाही हेच ऐकावे लागले आहे. ग्रिंबलचे पुस्तक आणि ही साक्ष शेजारी ठेवून वर्गात शिकवावी, आणि भाषा कशासाठी वापरली आहे हे मुलांना विचारावे.