'सिंहासन': दोन कादंबऱ्या आणि एक साक्षीदार

कादंबरीवरून केलेल्या चित्रपटाची चर्चा आपल्याकडे बहुधा मूळ कृतीशी राखलेल्या इमानापाशी थांबते. जब्बार पटेल दिग्दर्शित 'सिंहासन' (१९७९) या चित्रपटाबाबत हा निकष मुळातच अपुरा पडतो. कारण त्याची मूळ संहिता एक नाही. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा सिद्ध केली. तेव्हा प्रश्न इमानाचा नसून निवडीचा आहे.

'मुंबई दिनांक'च्या केंद्रस्थानी व्यक्ती नाही, महानगर आहे. परस्परांना न ओळखणारी आयुष्ये तेथे शेजारी शेजारी ठेवली जातात. त्यांना जोडणारे सूत्र पात्रांना उमगत नाही. ते तृतीयपुरुषी निवेदनातून वाचकाला उमगते. ही रचना चित्रपटाच्या तंत्राशी नाते सांगणारी आहे. विरोधाभास असा, की प्रत्यक्ष चित्रपटात तीच मागे सरते.

पडद्यावर निवेदक नाही. त्याचे जोडण्याचे कार्य एका बाजूने टेलिफोन करतो. आपल्याविरुद्ध कट शिजत असल्याचे मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे (अरुण सरनाईक) यांना निनावी फोनवरून कळते आणि कथानकाला गती मिळते. दुसऱ्या बाजूने ते कार्य पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले) करतो. पण ज्या काळात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे, त्या काळातील हे साधन आहे, हे विसरता येत नाही. तारेच्या टोकाला जे आहेत तेवढेच कथानकाचे कर्ते ठरतात. कामगार, बेकार, तस्कर चित्रपटात आहेत. परंतु अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) आणि मुख्यमंत्री यांच्यातील स्पर्धेच्या प्रकाशातच ते आपल्याला दिसतात. महानगराचे रूपांतर सत्तेच्या परिघात होते.

शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुले यांच्या अभिनयाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. निवेदकाला जे थंडपणे सांगता येते, ते साक्षीदाराला सोसावे लागते, हे माध्यमांतराचे मर्म येथे प्रकट होते. हीच या चित्रपटाची कमाई; आणि माझ्या मते मर्यादाही. व्यवस्थेवरील अभियोग एका संवेदनशील मनाच्या पडझडीत विसावतो.

उपनगरातील पदव्युत्तर वर्गात हा चित्रपट पाहिलेले विद्यार्थी भेटतात, 'मुंबई दिनांक' वाचलेले क्वचित. राजकारण म्हणजे मूठभरांचा डाव आणि आपण त्याचे प्रेक्षक, अशी त्यांची धारणा चित्रपट नकळत दृढ करतो. मुलुंड-बोरिवलीहून रोज लोकलने दक्षिणेकडे लोटणारा माणूस त्या शहराचा घटक आहे की केवळ पार्श्वभूमी, हा प्रश्न कादंबरी खुला ठेवते. म्हणून 'सिंहासन' पाहिल्यानंतरही 'मुंबई दिनांक' वाचण्याची आवश्यकता संपत नाही. उलट तेथूनच ती सुरू होते.