बेचिराख : दग्धभूच्या कथनातील हरवलेला कर्ता

‘बेचिराख’ हा शब्द मराठीत ‘राख’ या शब्दाच्या शेजाराने जळून खाक झालेल्या गावासाठी रूढ झाला आहे. मूळ फारसी शब्दाचा राखेशी काही संबंध नाही. ‘चिराग’ म्हणजे दिवा. जेथे दिवा लागत नाही ते ‘बेचिराग’. महसुली दप्तर एखाद्या गावाची बेचिराख म्हणून नोंद करते, तेव्हा तेथे आग लागली होती असे त्याला सुचवायचे नसते. संध्याकाळी दिवा लावणारे माणूस तेथे उरले नाही, एवढेच नोंदवायचे असते. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत युद्धवाङ्मयातील एक अवघड प्रश्न दडलेला आहे. आगीला आरंभ, मध्य आणि अंत असतो. तिला पाहणारा जमाव असतो. म्हणून तिचे कथन होऊ शकते. दिवा न लागणे ही मात्र घटना नव्हे, स्थिती आहे. तिच्यात पाहण्याजोगे काही नसते आणि ती कोणी आणली हे सांगायलाही सहसा कोणी पुढे येत नाही.

दग्धभू नीतीची व्याख्या करताना दोन भिन्न कृती एकाच नावाखाली येतात. माघार घेताना आपलाच मुलूख शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून नष्ट करणे ही एक. शत्रूच्या प्रजेला जगणे अशक्य व्हावे म्हणून तिचे धान्य, पाणी, चारा, पूल आणि आता वीज हिरावणे ही दुसरी. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पूरक कराराचे ५४वे कलम नागरिकांच्या जगण्याला अपरिहार्य असलेल्या वस्तूंना हात लावण्यास मनाई करते आणि त्याच कलमात एक सवलत ठेवते : आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या पक्षाला, स्वतःच्या ताब्यातील स्वतःच्या भूमीवर, निकडीची लष्करी गरज असेल तर या नियमातून सूट आहे. ‘स्वतःची भूमी’ या दोन शब्दांवर सारी सवलत उभी आहे. कायद्याने दिलेली ही सवलत वाङ्मयाने शंभर वर्षे आधीच देऊन ठेवली होती, आणि ती देण्यात सर्वांत मोठा वाटा टॉलस्टॉयचा आहे.

‘युद्ध आणि शांती’मधील स्मोलेन्स्कचा प्रसंग मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. ऑगस्ट १८१२. शहरावर तोफगोळे पडत आहेत. बोल्कोन्स्की घराण्याचा कारभारी अल्पातिच हा फेरापोन्तोव्ह नावाच्या व्यापाऱ्याच्या खाणावळीत उतरलेला आहे. रशियन शिपाई फेरापोन्तोव्हच्या दुकानात शिरून पीठ आणि सूर्यफुलाच्या बिया पोत्यांत भरत असताना तो तेथे येतो, ओरडण्यासाठी तोंड उघडतो, मध्येच थांबतो आणि हसणे-रडणे एकत्र होऊन शिपायांना सर्व काही न्यायला सांगतो. शत्रूला काही मिळू नये! आपण स्वतःच आग लावू, असेही तो बोलून जातो. पुढे पेटलेल्या कोठाराजवळ एक माणूस हात उंचावून आगीला उत्तेजन देत असतो आणि जमावातून कुजबूज उठते की हा तर खुद्द मालकच आहे. सर्वसामान्य वाचन असे, की येथे व्यापाऱ्याचा स्वार्थ गळून पडतो आणि राष्ट्र जागे होते. हे वाचन चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. जमावाला त्या आगीचा आनंद होतो, कारण लावणारा मालक आहे. जाळणारा आणि ज्याचे जळते तो एकच असेल तर त्या कृतीला गुन्हा म्हणता येत नाही. तिला त्याग म्हणावे लागते. दग्धभूचे उदात्तीकरण या एकाच अटीवर शक्य होते.

टॉलस्टॉयचे मोठेपण असे, की ही अट पाळतानाच तो तिला छेदही देतो. मुलांना घेऊन येथून निघू या असा हट्ट धरणाऱ्या बायकोला याच फेरापोन्तोव्हने थोड्याच वेळापूर्वी मारहाण केलेली आहे. गोळ्यांची गंमत पाहायला बाहेर आलेल्या स्वयंपाकिणीच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसलेला आहे. मालकाच्या त्यागाच्या दृश्यात या दोघींना वाक्य नाही. कोठार त्यांचे नव्हते. पण त्या कोठारावर जगत त्याही होत्या. कादंबरीच्या अभ्यासकांनी फेरापोन्तोव्हच्या अश्रूंवर पुष्कळ लिहिले आहे. त्याच्या बायकोकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही.

मॉस्कोच्या आगीपाशी आल्यावर हाच लेखक वेगळी भूमिका घेतो. फ्रेंच सैन्य १४ सप्टेंबर १८१२ रोजी शहरात शिरले आणि त्याच रात्री आगी सुरू झाल्या. गव्हर्नर रोस्तोप्चिन याने अग्निशामक बंब शहराबाहेर हलवले होते. व्होरोनोव्हो येथील आपला वाडा त्याने पुढे स्वतःच पेटवला, आणि १८२३ साली पॅरिसमध्ये एक पुस्तिका छापून मॉस्कोच्या आगीची जबाबदारी नाकारली. स्वतःच्या वाड्याचे श्रेय घ्यायचे आणि शहराचे नाकारायचे, ही त्याची कसरत मालकीच्या त्याच अटीला धरून आहे. टॉलस्टॉय या वादात पडतच नाही. त्याचे म्हणणे असे, की लाकडी शहर रहिवाशांनी सोडले आणि त्यात चिलीम ओढणारे, चुली पेटवणारे परके शिपाई राहू लागले की ते जळणारच. भुशाच्या ढिगावर दिवसेंदिवस ठिणग्या पडत राहाव्यात तसे ते आहे. एकशेतीस बंब असते काय आणि नसते काय.

येथे मराठी व्याकरण टॉलस्टॉयच्या टीकाकाराच्या मदतीला येते. ‘जळणे’ आणि ‘जाळणे’, ‘मरणे’ आणि ‘मारणे’, ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ अशा जोड्यांत एका स्वराच्या फरकाने कर्ता आत येतो किंवा बाहेर जातो. स्मोलेन्स्कमध्ये टॉलस्टॉय ‘जाळले’ म्हणतो, कारण कर्ता मालक आहे आणि त्याचा गौरव करायचा आहे. मॉस्कोत तो ‘जळाले’ म्हणतो, कारण तेथे कर्ता शोधू गेले तर राज्यसत्ता सापडेल, आणि सत्तेच्या इच्छेने इतिहास घडतो हे त्याच्या इतिहासमीमांसेला मान्य नाही. हजारो जखमी रशियन सैनिक शहरात मागे राहिले होते. बंब हलवणे हे त्यांच्या दृष्टीने नगण्य कारण नव्हते. कादंबरीकार टॉलस्टॉयने स्वयंपाकिणीची जखम पाहिली. तत्त्वज्ञ टॉलस्टॉयला ती अकर्मक क्रियापदात विरघळवावी लागली.

निष्काळजीपणातून लागणाऱ्या आगीचा अगदी वेगळा विचार मराठी गद्यात त्याआधी जवळपास दोनशे वर्षे झालेला आहे, आणि तो येथे आठवणे अप्रस्तुत ठरू नये. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजीमहाराजांनी धाडलेले सतराव्या शतकाच्या आठव्या दशकातील पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही आजार देऊ नये या ताकिदीसाठी ते नेहमी आठवले जाते. परंतु त्या पत्राचा मोठा भाग चारा आणि आग यांविषयी आहे. कोणी चूल मांडील, कोणी तंबाखू ओढताना विस्तव नेईल, उंदीर पेटती वात पळवील, आणि गवताच्या गंजी व छपरे जळून जातील, असे तपशील त्यात आहेत. टॉलस्टॉयची ठिणगी आणि चिलीम येथेही आहे. निष्कर्ष मात्र उलटा. दाणागोटा बेहिशेबी उडवला तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे ते पत्र बजावते. ‘मरतील’पासून ‘मारली’पर्यंतचा हा प्रवास एका वाक्यात पुरा होतो. पुरवठा तुटल्याने झालेल्या मृत्यूलाही कर्ता असतो, हे त्यामागचे सूत्र आहे. ते पत्र आपल्याच माणसांना लिहिलेले आहे, ही गोष्टही महत्त्वाची.

विसाव्या शतकात मालकीच्या अटीलाच तडा गेला. ३ जुलै १९४१च्या नभोवाणी भाषणात स्टालिनने माघार घेताना शत्रूसाठी इंजिन, डबा, धान्य, इंधन काहीही मागे न ठेवण्याचे आवाहन केले. १८ ऑगस्ट रोजी झापोरिझ्झिया येथील नीपर नदीवरील प्रचंड धरण सोव्हिएत दलांनी स्वतःच उडवले. खालच्या अंगाच्या वस्त्यांना सूचना नव्हती; नदीच्या पात्रालगत आपलेच सैनिक होते. बुडालेल्यांचा आकडा किती याविषयी इतिहासकारांचे आजही एकमत नाही, आणि आकडा ठरत नाही हेच त्या घटनेच्या कथनाचे स्वरूप सांगून जाते. भूमी ‘स्वतःची’ होती. १९७७च्या कलमातील सवलत तिला कदाचित लागूही पडली असती. पण येथे फेरापोन्तोव्ह कोण? धरणाला मालक नसतो, राज्य असते. धरणावर कोणी राहत नाही. त्याच्या भरवशावर, त्याच्या खाली, कित्येक कोस लोक राहतात. जाळणारा आणि ज्याचे जळते तो, ही एकरूपता तेथे संपते. स्मोलेन्स्कच्या प्रसंगातील बायको आणि स्वयंपाकीण आता साऱ्या खोऱ्यात पसरलेल्या असतात, आणि त्यागाचे दृश्य रचायला मालकच उरत नाही.

याच नदीवर एका मोठ्या कलावंताने बांधणीची गाथा रचली होती. अलेक्सांद्र डोव्हझेन्को याचा ‘इव्हान’ हा चित्रपट १९३२चा. नीपरचे धरण उभे राहण्याचा तो काळ. खाली काखोव्का येथे दुसरे धरण बांधले गेले, तेव्हा त्याने ‘समुद्राचे काव्य’ लिहिले : नव्या जलाशयात गाव बुडणार म्हणून गावचे लोक निरोपाला गोळा होतात. १९५६ साली डोव्हझेन्को वारला आणि चित्रपट त्याची पत्नी युलिया सोल्न्त्सेवा हिने १९५८मध्ये पुरा केला. गाव बुडण्याला तेथे हुंदका आहे, पण शेवटी पाण्याचाच जयजयकार आहे. ६ जून २०२३ रोजी काखोव्काचे धरण फुटले. ते तेव्हा रशियन सैन्याच्या ताब्यात होते. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर आरोप केले, आणि उपलब्ध पुरावा धरणाच्या आतून झालेल्या स्फोटाकडे बोट दाखवतो. खालची गावे पाण्यात गेली, वरचा ‘समुद्र’ ओसरून तळ उघडा पडला. वृत्तनिवेदनांतून मात्र ‘धरण फुटले’ हे अकर्मक वाक्यच कितीतरी दिवस फिरत राहिले. निःपक्षपाताच्या आवरणाखाली अकर्मक क्रियापद किती मोठे काम करते याचा याहून ठळक नमुना अलीकडे मिळणार नाही.

वीजव्यवस्थेचे प्रकरण याहूनही अवघड. १९९१च्या आखाती युद्धात इराकी सैन्याने माघारीत कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. त्याच युद्धात अमेरिकाप्रणीत फौजांनी इराकची वीजकेंद्रे उद्ध्वस्त केली. पहिल्या घटनेला वेर्नर हेर्त्सोगचा ‘अंधाराचे धडे’ (१९९२) लाभला. देशाचे, युद्धाचे नाव न घेता तो ज्वाळांवर रेंगाळतो आणि त्याच्यावर सौंदर्यीकरणाचा आरोप होतो, तो सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही. दुसऱ्या घटनेला असा चित्रपट लाभला नाही. कारण तेथे ज्वाळा नव्हत्या. पंप थांबले, सांडपाणी नदीत गेले, रोगराई आली. हे सर्व ‘झाले’. कोणी ‘केले’ असे वाक्य तयार व्हायला दृश्य लागते आणि ते नव्हते. ऑक्टोबर २०२२पासून युक्रेनच्या वीजजाळ्यावर रशियाने क्षेपणास्त्रांचे सत्र सुरू केले, तेव्हा या अदृश्य हानीसाठी सकर्मक क्रियापद वापरण्याचे धैर्य आधी कायद्याने केले. मार्च २०२४मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने याच हल्ल्यांच्या संदर्भात दोन रशियन सेनाधिकाऱ्यांविरुद्ध, आणि त्याच वर्षी जूनमध्ये माजी संरक्षणमंत्री शोइगू व सरसेनापती गेरासिमोव्ह यांच्याविरुद्ध अटकेचे आदेश काढले. ज्या संस्थेने ते काढले तिच्या हाती शिपाई नाहीत, हे खरे. तरीही वाक्याला कर्ता मिळाला.

कादंबरी अजून चाचपडते आहे. सेर्ही झादान याची ‘इंटरनात’ (२०१७) हा त्यांतला लक्षणीय प्रयत्न. पाशा नावाचा शाळामास्तर युक्रेनियन भाषा शिकवतो आणि युद्धाशी आपला संबंध नाही असे मानतो. वेढ्यात सापडलेल्या शहरातील वसतिशाळेतून भाच्याला घरी आणायला तो निघतो. शहराला नाव नाही. कोणते सैनिक कोणत्या बाजूचे हे थेट सांगितले जात नाही. वरवर पाहता हा टॉलस्टॉयच्या मॉस्कोसारखाच कर्तृलोप आहे, आणि काही वाचकांना तो भित्रेपणा वाटू शकेल. परंतु येथे निवेदन पाशाच्या नजरेला जखडलेले आहे. कर्ता लोपलेला नसून मास्तर त्याचे नाव घेण्याचे टाळतो आहे. व्याकरण हाच ज्याचा व्यवसाय, त्याला वाक्य पुरे करता येत नाही. स्थानके, तळघरे, मुके फोन, धुके यांतून त्याची पायपीट चालते तसतशी ही टाळाटाळ त्याला परवडेनाशी होते. झादानने आगीचे एकही भव्य दृश्य कादंबरीचा कणा होऊ दिलेले नाही, हा त्याचा संयम वाखाणण्याजोगा आहे. मात्र त्याच्याही कथनाला आधार एका माणसाच्या तीन दिवसांच्या चालण्याचा लागतो. वीज नसलेल्या शहराचा एक संपूर्ण हिवाळा, ज्यात कोणी कोठे जात नाही, काही घडत नाही आणि पाणी चढत नाही म्हणून म्हातारी माणसे सातव्या मजल्यावर बसून राहतात, त्या हिवाळ्याला पुरेल असा रूपबंध त्याच्या कादंबरीतही नाही.