जलपरीचं मरण

जलपरी कल्पायला बसलो की आपण आधी शेपटीवर अडतो: माशासारखी आडवी हलणार की डॉल्फिनसारखी वरखाली? रास्त आहे. पण १८३७ साली अँडरसनने त्या शेपटीवर काय बसवलं बघा. कालवं! आजीला १२, बाकी खानदानी बायकांना ६. नातीला १५व्या वाढदिवशी ८ चिकटवतात. दुखलं तरी काढायची नाहीत. ही झाली संस्कृती. आता शरीर. आयुष्य ३०० वर्षांचं, डोळ्यांत आसवं नाहीत, मेल्यावर नुसता फेस. म्हणजे थडगंसुद्धा नाही. आम्हाला वाटतं, अमर आत्म्याची तिची ओढ इथूनच येते; राजपुत्र बराचसा निमित्त. डिस्नेच्या १९८९च्या चित्रपटात चित्रं सुरेख आहेत, पण हा फेस गाळलाय. मग माणूस व्हायला तिच्याकडे कुतूहल आणि राजपुत्र, एवढंच उरतं.