रिकामं आकाश आणि चाळीस मॉड

‘ऊलाइट’ पहिल्यांदा उघडला की कंटाळा येतो, हे आधीच सांगून टाकतो. लेव्ह नावाच्या ग्रहापाशी तुम्ही, खिशात १०० क्रेडिट, हाताशी कोब्रा मार्क थ्री हे जहाज. इथे धान्य घ्या, तिथे विका, वाटेत चाचे. बस्स.

१९८४मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी ‘एलीट’ हा गेम बीबीसी मायक्रोच्या ३२ केबी मेमरीत बसवला. ऊलाइट ही त्याचीच चाहत्यांनी घडवलेली ओपन सोर्स आवृत्ती. ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. मूळ एलीटमध्ये ते कुठे साठवलेले नव्हते. तीन आकड्यांचं बीज आणि एक सूत्र, त्यातून ग्रहाचं नाव, सरकार, अर्थव्यवस्था आयत्या वेळी उगवते. दिवसभर दुसऱ्यांचा फुगलेला कोड उपसणाऱ्या माझ्यासारख्याला हे पाहून भरून येतं.

पण सूत्राला गोष्ट सांगता येत नाही. हुकूमशाही काय, साम्यवाद काय, खेळताना फरक जाणवतो तो मुख्यतः चाच्यांच्या गर्दीत. चाहते शिरले ते इथेच. त्यांच्या मॉडला ओएक्सपी म्हणतात: एक फोल्डर, त्यात काही साध्या टेक्स्ट फाइल्स, थोडी जावास्क्रिप्ट. ‘डिक्टेटर्स’, ‘कॉमीज’, ‘अनार्कीज’ हे मॉड त्या त्या राजवटीला स्वतःची स्थानकं आणि जहाजं देतात. मला याहून आवडतात ते उधारी फेडणारे मॉड. एलीटच्या मॅन्युअलमध्ये पिढ्यानपिढ्या प्रवास करणाऱ्या जहाजांचा उल्लेख होता; लोकांनी ती खूप शोधली, गेममध्ये ती नव्हतीच. सोबतच्या रॉबर्ट होल्डस्टॉकच्या लघुकादंबरीत टायोनिस्ला ग्रहाभोवती फिरणारं कब्रस्तान होतं. दोन्ही गोष्टी पुढे मॉडमधून अवतरल्या. इतकं बारकाईनं वाचणारे समीक्षक पुस्तकांनाही क्वचित मिळतात.

याउलट महाशक्तिशाली जहाजांचे मॉड. एका झटक्यात सगळे चाचे खलास, मग खेळायचं काय? लेखकावर राग काढल्यासारखे वाटतात ते.

मीही वाहवत गेलो. एका शनिवारी चाळीसेक मॉड लावले. जाहिरातींचे फलक, नवी जहाजं, नव्या मोहिमा, आकाशाचा पार आठवडी बाजार झाला. शेवटी वैतागून सगळे काढले आणि पुन्हा लेव्हला आलो. ती शांतता, तोच माल-यादीचा स्क्रीन.

त्या यादीत धान्य, कापड, किरणोत्सारी माल, आणि चौथ्या ओळीत गुलाम. टनावर. एलीटमध्ये कुणी जीव वाचवायला कॅप्सूलमधून बाहेर पडला आणि तुम्ही ती कॅप्सूल उचललीत, तर तोही याच ओळीत जमा होतो. मी ही यादी कितीतरी रात्री पाहिली होती आणि दर वेळी फक्त भाव वाचला होता. विकलेही होते. फायदा बरा होतो.

म्हणून आता स्वतःचा पहिला ओएक्सपी लिहायला घेतलाय. नवं जहाज नाही, स्फोट नाही. ‘विका’ म्हटल्यावर आधी स्क्रीनवर माणसांची नावं यावीत, एवढंच. नावांची फाइल तयार आहे. पण एका टनात किती नावं दाखवायची ते ठरत नाहीये. परवा सरासरी वजनानं भागून बघितलं, उत्तर साधारण पंधरा आलं. मग लॅपटॉप मिटला.