उतारवयातील स्मृतिलेखन आणि ‘स्मृतिचित्रे’

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे स्थान निर्विवाद आहे. पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखिकेने पासष्टी ओलांडली होती, रेव्ह. ना. वा. टिळकांच्या निधनालाही पंधरा वर्षे झाली होती. या अंतरामुळे लेखनात क्षमाशीलता आली, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घरादाराचा झालेला छळ लक्ष्मीबाई हसत सांगतात. परंतु तो छळच होता, हे वाचकाला विसरू देत नाहीत. टिळकांच्या १८९५ मधील धर्मांतरानंतरच्या ताटातुटीच्या वर्णनातही आदर आणि तक्रार शेजारी-शेजारी नांदतात. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) मध्ये पती केंद्रस्थानी राहतो व निवेदिका आदराने बाजूस सरते. लक्ष्मीबाईंचे लेखनही पतिचरित्राची सामग्री म्हणूनच सुरू झाले. विनोदामुळे ते त्यांच्या स्वतःच्या ताब्यात आले. या शैलीला ‘भाबडी’ म्हणणे ही समीक्षेची सोय होय.

चौथा भाग अपुरा राहिला. तो पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला, आणि तेथे आवाज बदललेला जाणवतो. पुत्राच्या हातूनही हे घडते, तर नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या निरक्षर आजीच्या पावरी वा अहिराणीतील आठवणी आमचा विद्यार्थी प्रमाण मराठीत उतरवतो, तेव्हा प्रथम गळते ती तिची थट्टा. आणि थट्टेबरोबर तिची तक्रारही.