ख्रिस्तपुराणातील प्रतीक्षा आणि धर्मसेवेतील योग्य वेळ

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा गौरव आपण बहुधा भाषेच्या अंगाने करतो. इंग्लंडात जन्मलेल्या एका येशूसंघीयाने मराठी ओवी इतक्या सहजतेने हाताळावी, याचे कौतुक रास्तच आहे. परंतु धर्मसेवकाने हा ग्रंथ आणखी एका दृष्टीने वाचावयास हवा. प्रभूचे वचन केव्हा सांगावे, किती थांबावे आणि कोठे थांबू नये, या प्रश्नाचे तो एक उत्तर आहे. ते उत्तर थोर आहे, तरी अपुरे आहे.

प्रथम रचना पाहू. 1616 साली गोव्यात रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षक तारणाऱ्याच्या जगात येण्याविषयी आहे. 'येणे' हाच त्याचा विषय होय. पहिल्या पुराणाचे 36 अवस्वर जुन्या करारास वाहिलेले आहेत, दुसऱ्याचे 59 ख्रिस्तचरित्रास. म्हणजे बेथलेहेमास पोहोचण्यापूर्वी श्रोत्याला ग्रंथाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग चालून जावे लागते. उतावीळ उपदेशकाने ही वाट चार ओव्यांत संपविली असती. स्टीफन्स तसे करीत नाहीत. संत पौलाने गलतीकरांस लिहिताना ज्या काळाच्या पूर्णतेचा उल्लेख केला, तिची केवळ व्याख्या न देता ते ती श्रोत्यास अनुभवावयास लावतात. ज्याने वाट पाहिली नाही, त्याला आगमनाचा आनंद कसा कळावा? येथे संयम हा उपदेशाचा विषय नसून ग्रंथाची घडण आहे, आणि हेच त्याचे सामर्थ्य आहे.

लेखकाच्या आयुष्यातही हीच घडण दिसते. स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले; पुराण छापले गेले 37 वर्षांनी. ही वर्षे निष्क्रिय नव्हती. लोकांत राहून ते त्यांची भाषा शिकले. कोंकणीतील ख्रिस्ती शिकवणीचे त्यांचे पुस्तक आणि त्या भाषेचे व्याकरण ही दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, 1622 व 1640 साली प्रसिद्ध झाली. पेरणाऱ्याने कापणी पाहिलीच पाहिजे असा नियम नाही.

परंतु समीक्षकाने येथेच थांबू नये. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? सारा ग्रंथ या प्रश्नातून उगवला आहे. हा प्रश्न श्रोत्याच्या मुखी घालण्यात स्टीफन्स यांचा प्रामाणिकपणा आहे. त्यामागील काळ मात्र विसरता येत नाही. सासष्टीतील देवळे 1567 साली पाडली गेली. 1583 च्या जुलैत कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली, तिच्यामागे या विध्वंसाचा साचलेला रोष होता. 1567 पासून पुराण हाती येईपर्यंत 49 वर्षे लोटली. इतक्या काळात एक पिढी जुनी कथा गमावून आणि नवी आपल्या वाणीत न ऐकताच मातीआड झाली असेल. काढून घेण्यास घाई आणि देण्यास विलंब, असा हा व्यवहार होता. स्टीफन्स यांचा संयम पवित्र असला, तरी त्यांच्याभोवतीच्या सत्तेचा विलंब पवित्र ठरत नाही. जुन्या पुराणांवरील तो निषेध योग्य होता काय, हे ग्रंथ स्वतःला विचारीत नाही. ही त्याची मर्यादा होय.

मार्काच्या चौथ्या अध्यायातील शेतकरी येथे आपला गुरू ठरावा. बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. तो रात्री झोपतो, सकाळी उठतो आणि बियाण्यास उकरून पाहत नाही. पण पीक तयार होताच तो क्षणाचाही विलंब न लावता विळा घालतो. थांबणे आणि न थांबणे ही दोन्ही एकाच संयमाची अंगे आहेत. केवळ थांबणाऱ्याला आपण सहनशील म्हणतो. पण भुकेलेल्याला उद्या ये म्हणणाराही थांबतच असतो.

घाईचे फळ पुढेही दिसले. 1684 च्या फर्मानाने गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असे ठरविले. लोकांनी भाषा सोडली नाही. पुराणही हस्तलिखितांतून टिकले, आणि त्यांच्या आधारे 1907 साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी ते पुन्हा छापले. ज्याला वेळ दिला गेला होता ते उरले.

आपल्या सेवेत हा प्रश्न रोज येतो. नव्याने श्रद्धेत आलेल्या कुटुंबास आपण जत्रा सोडावयास सांगतो, दिवसकार्याचे विधी सोडावयास सांगतो. त्या जत्रेच्या दिवशी आणि त्या तेराव्या दिवशी त्यांच्या घरी आपण काय घेऊन जातो? देण्यासाठी हाती काही नसेल, तर निषेधाची वेळ अजून आलेली नाही. आणि हाती असेल, तर ते देण्यासाठी थांबण्याचे कारण उरत नाही. ख्रिस्तपुराणातील त्या ब्राह्मणाला विचारावे लागले. आपल्या लोकांवर ती पाळी येऊ नये.